आळ आला माझ्या भिंगावर

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे आणि मला राग आलेला आहे. जुन्या वस्तूंनी आपली कहाणी शांतपणे सांगायची असते म्हणे. मला ते जमणार नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे एक चष्मेवाली बाई दिवसभर स्टुलावर बसून दुर्बिणींच्या नळ्या जुळवत असे. दोन्ही नळ्यांतली दोन चित्रे एक झाली, की ती "हं" म्हणे आणि पुढची दुर्बीण उचले. त्या एका "हं"वर मी इतकी वर्षे काढली. माझे मधले चाक फिरवले की दूरचे जवळ येते. उजव्या डोळ्यापाशी आणखी एक छोटे कडे आहे. माणसाचे दोन डोळे सारखे नसतात, तो फरक त्या कड्याने भरून काढायचा. एवढे सोपे काम! पण मी ज्या निसर्ग केंद्रात नोकरीला लागले, तिथल्या तीन मार्गदर्शकांनी माझ्या नाकी नऊ आणले.

पहिल्या सिस्टर. पंचवीस वर्षे रुग्णालयात परिचारिका होत्या, निवृत्त झाल्यावर इथे आल्या. त्यांना कोळ्यांचे वेड. मला हातात घेण्याआधी त्या माझ्या नळ्या स्पिरिटने पुसत. बेडकाच्या गळ्याची धडधडसुद्धा त्या घड्याळ लावून मोजत. दुसरी शेवाळवाली. सर्वांत धाकटी, विज्ञानाची मोठी पदवी घेतलेली. शेवाळ सोडून तिला जगात काही दिसत नाही. मला ती चार वेळा ओल्या दगडावर विसरून आली आहे. चार वेळा!

आणि तिसरे ड्रायव्हरकाका. तीस वर्षे लांब पल्ल्याची बस चालवली, गाडीला कधी साधा ओरखडा नाही. पक्षी ते रस्त्यावरच शिकले. थांब्यावर प्रवासी पाय मोकळे करत, तेव्हा काका तारेवरची रांग न्याहाळत. तळ्यापलीकडचा खंड्या त्यांना नुसत्या डोळ्यांनी दिसे. मला ते फक्त खात्रीसाठी उचलत आणि मुले माना वेळावून त्यांच्याकडे बघत राहत. खरे सांगते, मला त्यांचा फार अभिमान होता.

मग काका माझे उजवे कडे पिळू लागले. आज थोडे, उद्या आणखी थोडे. शेवटी कडे अडले, तरी पिळणे चालूच. एके दिवशी त्यांनी जाहीर केले, "हिची उजवी काच गेली."

माझी काच! कुणी एकदा डोळा लावून बघायचे तरी? पण केंद्रात काकांची नजर म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. "काका म्हणतायत म्हणजे गेलीच असणार," असे म्हणून सिस्टरनी मला डब्यात घालून दुरुस्तीला पाठवले. दुरुस्तीवाल्याने मला उघडले, पुसले, मिटले. मग चिठ्ठी लिहिली: "दुर्बीण ठणठणीत आहे. वापरणाऱ्याचा उजवा डोळा दाखवून घ्या."

डबा परत आला तो नेमका काकांच्या हातात. त्यांनी चिठ्ठी डाव्या डोळ्याजवळ धरून वाचली, घडी करून पाकिटात ठेवली आणि म्हणाले, "दुरुस्त होत नाही म्हणे. टाका कपाटात."

काका असे का वागले, ते मला ठाऊक होते. आगारात दर वर्षी डोळे तपासत आणि नापास झालेल्याला गाडीवरून उतरवत. इथेही आपल्याला घरी बसवतील, मुलांचे वर्ग आपल्याकडून काढून घेतील, या भीतीने त्यांना ग्रासले होते. हे कळत होते, म्हणून माझा राग कमी झाला असे मात्र नाही.

सहा महिने मी पिसांचा खोका आणि सापाची कात यांच्या शेजारी पडून होते. दाराच्या फटीतून रोज बघत होते. काकांचा उजवा खांदा चौकटीला आपटायचा. उजवीकडचा कप लवंडायचा. आणि ही मंडळी मुलांना काय शिकवत? "आधी नीट बघा, मग बोला!" छतावरच्या कोळ्याचा एक पाय तुटलेला सिस्टरना खालून दिसे, समोरचा माणूस दिसत नसे. मी कपाटात नुसती धुमसत होते.

शेवटी शेवाळवालीने आपले हातभिंग हरवले, नेहमीप्रमाणे. उलटी धरलेली दुर्बीण भिंगासारखी चालते, म्हणून तिने मला बाहेर काढले. मग सहज सुलटी करून तळ्याकडे बघितले.

"सिस्टर, ही तर बिघडलेली नाहीच! नुसतं कडं शेवटपर्यंत पिळलंय."

सिस्टरनी ते कडे बघितले, ते पिळणारे काका आठवले आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी काकांना खुर्चीत बसवले.

"डावा डोळा झाका. कॅलेंडर वाचा."

काकांनी महिना सांगितला, वार सांगितले, सगळे घडाघडा. सिस्टरनी गुपचूप पान उलटले.

"आता वाचा."

काका तोच महिना पुन्हा सांगू लागले, मग मध्येच थांबले. त्यांनी पाकिटातून चिठ्ठी काढून सिस्टरच्या हातात दिली.

"मला घरी बसवाल म्हणून बोललो नाही."

"अहो, घरी कोण बसवतंय तुम्हाला!" सिस्टर ओरडल्या आणि त्यांना रडूच आले. "आयुष्यभर पेशंट बघितले मी. आणि तुम्ही रोज माझ्यासमोर चहा पीत होतात."

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नाही, डावा डोळा औषधाने सांभाळता येईल. सहा महिने आधी आला असतात तर उजव्याचीही बरीच वाचली असती, असेही ते म्हणाले. ते सहा महिने मी कपाटात होते, मित्रांनो.

परवा काकांचा पुन्हा पहिला वर्ग झाला. त्यांनी माझ्या उजव्या भिंगावर झाकण लावले आणि डाव्या नळीतून तळ्याकडे बघितले. मुलांनी विचारले, "काका, पलीकडे काय बसलंय?"

काका बराच वेळ बघत राहिले.

"मला नाही दिसत," काका म्हणाले. "तुम्ही बघा आणि मला सांगा." झाकण काढून त्यांनी मला पहिल्या मुलीच्या हातात दिले.

माझी भिंगे मऊ कापडाने पुसा, मला ओल्या दगडावर विसरू नका, हे मला सांगायचेच होते. पण त्याआधी तुमच्या शेजारी बसलेल्या माणसाकडे एकदा नीट बघा आणि त्याला विचारा. मला विचारता येत नव्हते. तुम्हाला येते.