हवाबंद कॅप्सूल

किशनचा फोन आला तेव्हा शुभांगी किन्हीराजाच्या फाट्यावर एसटीतून उतरत होती. काखेत प्रबंधाचं बाड होतं. सोमवारी तो विद्यापीठात द्यायचा आणि सोमवारीच नोंदणीची मुदत संपत होती. मुदत दोनदा वाढवून झाली होती, तिसऱ्यांदा ती कुणालाच मिळत नाही.

सहा वर्षं तिनं वाशीमच्या कॉलेजात मँगनीज आणि कथील यांचं संयुग बनवलं होतं, त्यात चिमूट चिमूट लोखंड मिसळून. किराणावाल्यानं भेसळ केली तर दंड होतो, इथे भेसळीवरच पदवी मिळते. ते चूर्ण औषधाच्या रिकाम्या कॅप्सूलमध्ये भरून ती दूरच्या शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवायची, कारण तेवढी थंडी पाडणारं यंत्र वाशीमला कुठून असणार? तिथला तंत्रज्ञ किशन चूर्ण गोठवत नेऊन त्याचं चुंबकत्व मोजायचा आणि आकडे पाठवायचा. शून्याखाली सव्वादोनशे अंशांच्या सुमारास आलेख उसळी मारायचा. लोखंड जितकं जास्त, तितकी उसळी मोठी. या थंडीत धातूतले अणू आपली मांडणी बदलतात, असं शुभांगीनं लिहिलं. अख्खा प्रबंध त्या एका उसळीवर उभा होता.

किशन म्हणाला, "मॅडम, शेवटच्या कॅप्सूलला मी सुईनं भोक पाडलं. आतली हवा काढून पुन्हा मोजलं. उसळी गेली."

समजून घ्यायला तिला क्षणही लागला नाही, हेच जास्त लागलं. हवेतला प्राणवायू तेवढ्याच थंडीत गोठतो आणि त्याचंच चुंबकत्व तिथे उसळी मारतं, हे तिनं पुस्तकात वाचलेलं होतं. लोखंड वाढवलं की चूर्ण हाती कमी लागायचं, म्हणून त्या कॅप्सूलमध्ये हवा जास्त उरायची. बारीक भोक ठेवायचं असतं हे तिकडे सगळ्यांना ठाऊक, म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. सहा वर्षं ती वाशीमची हवा मोजत होती.

तिनं फाट्यावरूनच आपल्या मार्गदर्शक सरांना फोन लावला. प्रबंध देता येणार नाही, असं ते म्हणाले. आवाज चढवला नाही, त्यामुळे तिला रडूही आलं नाही. शेवटी त्यांनी विचारलं, की कॅप्सूल एवढी घट्ट लिंपायला तुला शिकवलं कुणी? तिनं फोन ठेवला आणि घराची वाट धरली.

घरी अंगणात तिचे वडील, चंपतराव, दोडक्याचं बी मडक्यात भरत होते. भाजीपाल्यावर जगणारं घर. पुढच्या सालाचं बी म्हणजे जीव की प्राण. बियांवर राख, तोंडावर झाकण, झाकणाभोवती शेणामातीचं लिंपण आणि त्यावरून तीनदा अंगठा. लहानपणापासून तो अंगठा शुभांगीचा. कॅप्सूलच्या जोडावर डिंक लावून तिनं तोच अंगठा फिरवला होता, पाठवलेल्या बाराच्या बारा कॅप्सूलवर.

चंपतरावांनी हात धुतले. पोरीनं पुस्तकात बापाचं नाव घातलंय, हे त्यांनी मालेगावच्या बाजारात गिऱ्हाइकांना वांगी तोलता तोलता ऐकवलं होतं. आता ते आभाराचं पान त्यांना तिच्या तोंडून ऐकायचं होतं.

सांगावं, की आधी वाचावं? सांगितलं तर हा माणूस स्वतःच्या शिकवणीला जन्मभर दोष देत बसेल. तिनं पान उघडलं.

"बी हवाबंद ठेवायला मला माझ्या वडिलांनी शिकवलं. त्याच हातानं या प्रबंधातली प्रत्येक कॅप्सूल बंद झाली आहे."

सबंध बाडात एवढं एकच पान खरं उरलं होतं.

चंपतरावांनी उपरण्यानं डोळे पुसले. मग मडकं तिच्यापुढे सरकवलं.

"फिरव अंगठा," ते म्हणाले. "तुह्या हातचं लिंपण असलं का हवा आत जात नाई."

शुभांगीनं ओल्या मातीवर अंगठा टेकवला.

"बाहेरबी येत नाई, बाबा," ती म्हणाली, आणि तीनदा फिरवला.