सात थरांखालचा भोंगा

माझ्यात आइसक्रीम नाही, मित्रांनो. हे आधीच सांगून टाकतो. दरवर्षी दोन-चार जणांचा विरस होतो. मी प्रयोगशाळेतला एक जुना फ्रीजर आहे.

माझ्या पोटात उणे ऐंशी अंश थंडी आणि चारशे घरांतले रक्त आहे. गंभीर मानसिक आजार घराण्यातून कसा उतरतो, हे आमच्या संशोधक बाईंना शोधायचे आहे. त्यासाठी त्या अकरा वर्षे घरोघर गेल्या. यातली कित्येक माणसे आता हयात नाहीत, म्हणजे रक्त पुन्हा मिळणे नाही. पहिली कुपी बाईंच्या सख्ख्या दादांची. दादांना कुणी नसताना आवाज ऐकू येतात.

मी नवा होतो तेव्हा लोक माझ्यासोबत फोटो काढत. पुढे म्हातारपण आले. दार उघडे राहिले की माझा भोंगा वाजे, आणि लावले तरी वाजे. शेवटी बाईंनीच त्यावर चिकटपट्टीचे सात थर लावले. "आता बोंबल किती बोंबलायचं ते!" मला वाईट वाटले, पण थंड राहणे हीच माझी नोकरी.

एका रविवारी दुपारी माझे यंत्र खरेच बंद पडले. उणे सत्तर. उणे साठ. मी जिवाच्या आकांताने ओरडलो; बाहेर डासाएवढा आवाज गेला. शेजारच्या खोलीत बाई आकडे तपासत होत्या. सोबत आलेले दादा बिस्किटे खात होते.

"चिमे, आत कुणीतरी ओरडतंय."

"दादा, सकाळची गोळी घेतलीस ना?"

"घेतली. तरी ओरडतंय."

"काय म्हणतंय?"

"नुसतं टीं टीं. माझे लोक असे नसतात गं. ते निदान वाक्यं पूर्ण करतात."

बाई आकडे सोडून उठल्या. मग धावतच आल्या.

तासाभरात चारशे घरे शेजारच्या विभागाच्या फ्रीजरमध्ये राहायला गेली. दादा दारे धरून उभे होते. एकही कुपी वितळली नाही.

मी दुरुस्त झालो. बाईंनी सातही थर नखांनी खरवडून काढले आणि म्हणाल्या, "बोंबल बाबा, किती बोंबलायचं ते."

बाईंच्या प्रश्नाचे उत्तर अजून सापडलेले नाही. बाई रोज येतात. मीही ठरवले आहे, ते सापडेपर्यंत एक अंशही हलायचे नाही.

मित्रांनो, जुन्या यंत्राच्या तोंडाला पट्टी लावू नका. आणि कुणी म्हणाले, मला आवाज ऐकू येतो, तर गोळीचे जरूर विचारा. पण मग काय ऐकू येते, तेही विचारा.