बंपरला बूट पॉलिश

आमच्या पप्पांकडे कुठल्याही दुखण्यावर दोनच औषधं असतात. एक कवायत आणि दुसरं पॉलिश. सैन्यातून ते सुभेदार म्हणून निवृत्त झाले, पण घरात अजून त्यांचीच पलटण चालते, आणि त्या पलटणीत आई आणि मी असे दोनच जवान. त्यामुळे माझा साखरपुडा तोंडावर आला असताना त्यांनी अंगणातल्या गाडीभोवती एक फेरी मारली आणि नाक मुरडलं, तेव्हाच मला कळलं की आता काहीतरी शिजणार.

गाडीला काही झालं नव्हतं. रंग चांगला होता, इंजिन चांगलं होतं. पण बंपर, आरसे, दारांच्या पट्ट्या आणि मुठी, जे जे काळं प्लॅस्टिक होतं ते सगळं आमच्या माण तालुक्यातल्या उन्हानं पांढरट, पिठूळ पडलं होतं. एरवी कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण येणारी मंडळी विट्याकडची होती, सोन्याची गलाई करणारी, म्हणजे जुने दागिने भट्टीत वितळवून सोनं शुद्ध करणारी. दुकान तिकडे दक्षिणेत, सेलमला. गावी यायचं ते यात्रेला नाहीतर कार्याला, आणि येताना गाडी अशी की तिच्यात बघून भांग पाडावा. आपली गाडी त्यांच्या गाडीशेजारी म्हातारी दिसेल, ही पप्पांची काळजी.

मी म्हटलं, दहिवडीत झिशान आहे. शाळेत माझ्या वर्गात होता, आता गाड्या चमकवायचं दुकान चालवतो. त्याला फोन लावला. त्यानं सांगितलं की आधी प्लॅस्टिक साबणानं धुऊन वाळवायचं, मग गरम हवेनं जपून शेकायचं, वर औषध चोळायचं आणि एक दिवस सावलीत ठेवायचं. पप्पांना हे काही रुचलं नाही. ऐन कार्यात गाडी दुसऱ्याच्या ताब्यात द्यायची, तेही तिला काळं फासायला? उभा जन्म बुटात तोंड बघितलेला माणूस तो, म्हणाले, बुटाचं पॉलिश आहे की घरात. झिशान फोनवरून बजावत होता की बूट पॉलिश तेवढं लावू देऊ नकोस, ते चामड्यात मुरतं, प्लॅस्टिकवर नुसतं बसून राहतं आणि उन्हात वितळतं. मी निरोप जसाच्या तसा पोचवला. पप्पा म्हणाले, पॉलिश ते पॉलिश.

साखरपुड्याच्या दिवशी सकाळी बाहेर येऊन बघते तर साहेब बंपरपुढे उकिडवे बसलेले, डबी उघडी, ब्रश चाललेला. खोटं कशाला बोलू, गाडी झकास दिसत होती. मी आरशावर बोट फिरवलं. बोट काळंकुट्ट झालं. ते पप्पांच्या नाकापुढे धरलं, तर म्हणाले, सुकलं की बसेल, तू आंघोळीला जा. मी गेले. त्यांच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं.

आता सासूबाईंचं सांगायला हवं. माझ्या होणाऱ्या नवऱ्याच्या, विश्वजीतच्या आई, लीलाबाई. आज त्यांच्या अंगावर सोनं आहे, पण लग्न होऊन सेलमला गेल्या तेव्हा एकच खोली होती आणि त्याच खोलीत भट्टी. भट्टीची राख चाळून त्यातला सोन्याचा कण न् कण त्या हातानं वेचायच्या. कितीही घासले तरी हात काळेच राहायचे, आणि त्यावरून त्यांच्या वन्सं, म्हणजे विश्वजीतच्या आत्या, भर पंगतीत त्यांना घालून पाडून बोलायच्या. हे मला विश्वजीतनंच सांगितलं होतं. भट्टी सुटून किती वर्षं झाली, पण आत्यांची खोड सुटली नव्हती.

मंडळी आली तेव्हा ऊन मी म्हणत होतं. आमच्या गल्लीत नळाच्या पाइपसाठी चर खणलेला, त्यांची लांबलचक गाडी आत येईना. पप्पांना तर हेच हवं होतं. आपली गाडी घेऊन ते फाट्यावर गेले आणि बायकांना ऐटीत घेऊन आले. लीलाबाईंना मानानं पुढे बसवलं होतं. दारात त्या उतरल्या, आपल्या हातानं दार लावलं आणि तशाच मांडवात आल्या. दार लावताना बोटं कुठे टेकली याकडे कोण बघतंय?

मी पाटावर बसले होते. ओटी भरायला लीलाबाई पुढे झाल्या. करंगळीशेजारच्या बोटानं कुंकू लावलं, मग प्रेमानं माझी हनुवटी धरून चेहरा वर केला. पुढे काय झालं ते मला आधी दिसलंच नाही. फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला एवढं दिसलं. माझ्या चुलत-मावस बहिणींची कुजबूज एकदम बंद पडली. आईनं तोंडाला पदर लावला. कुणीतरी मोबाईल पुढे केला आणि त्यात मी मला बघितलं. कुंकवाखाली, गालापासून हनुवटीपर्यंत, काळे फराटे.

सगळा मांडव गारठला. साखरपुड्यात नवरीच्या तोंडाला काळं. याचा अर्थ काय होतो हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

लीलाबाईंनी आपला तळवा बघितला आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं रक्तच उतरलं. त्यांनी हात झटकन पदराखाली घेतला. पदरही काळा झाला. आणि आत्या बोलल्या, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"भट्टीचा हात तो. कवा निघायचा न्हाई. निदान आज तरी धुऊन यायचं व्हतंस की गं."

लीलाबाई मान खाली घालून उभ्या राहिल्या, जशी काही चूक त्यांचीच. विश्वजीत उठू लागला, तर त्याच्या वडिलांनी, आकारामरावांनी, बाही धरून त्याला खाली बसवलं. चारचौघांत बहिणीच्या तोंडी कोण लागणार?

मी पप्पांकडे बघितलं. मांडवाच्या खांबाला टेकून ते उभे होते. त्यांना कळलं होतं. त्यांच्या नखांत सकाळचं पॉलिश होतं, माझ्या गालावरचा रंग त्यांनी ओळखला नसेल असं होणारच नाही. आता बोलतील, आता पुढे येतील, म्हणून मी वाट बघत राहिले. चुकलं तर आपणहून सांगायचं, हे माझ्या डोक्यात ठोकून बसवणारा हा माणूस. पप्पांनी माझी नजर चुकवली आणि दोन्ही हात पाठीमागे नेले.

मी हादरले. तोंडाला काळं लागलं तेव्हा एवढी हादरले नव्हते. माझ्या बापाला मी भित्रा कधी बघितला नव्हता. त्यांचा हिशेब मला दिसत होता. बोललं तर सुभेदाराचं हसं होणार, पोरीचं ठरलेलं मोडायचीही भीती. गप्प बसलं तर सगळं त्या बाईच्या अंगावर जातंय, आणि तिला काय, सवय आहे. मला त्यांचा भयंकर राग आला.

कार्य पुरं होईपर्यंत नवरीनं पाटावरून उठू नये म्हणतात. मी उठले. आई मागून हाका मारत होती. तशीच अंगणात गेले, गाडीच्या मुठीला तळवा घासला आणि परत येऊन तो आत्यांपुढे धरला.

"आत्या, ह्ये आमच्या गाडीचं हाय. बूट पॉलिश. माझ्या पप्पांनी लावलंय. सासूबाईंचा हात स्वच्छच व्हता."

आत्या दोन पावलं मागे सरकल्या. आकारामराव एकदा माझ्या हाताकडे बघत होते, एकदा बायकोकडे. मला वाटलं, मोडलं. आता हे उठतील, फाट्यापर्यंत चालत जातील आणि संपलं. मोडलं तर मोडलं, असंही वाटलं, आणि लगेच नजर विश्वजीतकडे गेली.

मग पप्पा खांब सोडून पुढे आले. कवायतीची चाल नव्हती ती, पाय ओढत आले. पाठीमागचे हात त्यांनी पुढे आणले आणि लीलाबाईंपुढे जोडले. काळी नखं सगळ्यांना दिसली.

"ताई, मी लावलंय. आन् ठावं असून गप ऱ्हायलो. त्ये लय वंगाळ केलं मी."

कुणाच्या उत्तराची वाट न बघता ते आत गेले, साबण आणि पाण्याची कळशी घेऊन आले आणि लीलाबाईंच्या हातांवर स्वतः पाणी घालू लागले. आमच्या घरी पप्पा कुणाच्या हातावर पाणी घालतील हे मला कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी पटलं नसतं. आकारामराव जागचे उठले. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि बायकोपुढे धरून उभे राहिले. आत्यांकडे त्यांनी बघितलंही नाही.

पॉलिश निघायला वेळ लागला. लीलाबाई खाली बघून हात घासत होत्या, घासतच होत्या. मी शेजारी बसून साबण देत होते. पाणी नितळ यायला लागलं तरी त्या थांबेनात, तेव्हा मी त्यांचं मनगट धरलं आणि म्हटलं, निघालं सगळं. त्यांनी तळवे उलटेसुलटे करून बघितले. मग फक्त मला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, "मला वाटलं, माझंच हाय."

मी पुन्हा पाटावर जाऊन बसले. आईनं ओल्या फडक्यानं माझा गाल पुसला. फोटोवाल्यानं कॅमेरा उचलला. लीलाबाईंनी बोट कुंकवात बुडवलं आणि माझ्या कपाळापर्यंत आणलं, पण टेकवायच्या आधी त्या थांबल्या आणि बोट उलटं करून त्यांनी परत एकदा बघून घेतलं.