बॉयलर थंड करायचे चार दिवस

“साहेब येणार न्हाय, तर ह्यो चुना कुणाला दावायला मारायचा?”

पत्र्याच्या पलीकडे बंडू फायरमन स्वतःशीच पुटपुटत होता. कुंचा मात्र थांबला नव्हता. तपासणीच्या आधी बॉयलरची खोली पांढरी करायची, हा सुताला खळ लावणाऱ्या या सायझिंग कारखान्याचा शिरस्ता. भिंत पांढरी दिसली की साहेबाचं मनही निवतं, असा बंडूचा ठाम समज होता. अलीकडे ऑफिसात बसलेल्या पूर्णिमाने ते ऐकलं आणि टेबलावरचा फॉर्म उगाच पुन्हा सरळ केला.

फॉर्म राजारामपुरीतल्या सल्लागाराने सकाळी पाठवला होता. नवं सरकार आलं, त्याने उद्योगांच्या पायातल्या बेड्या तोडायला घेतल्या, आणि त्यातली एक बेडी इचलकरंजीतल्या या कारखान्यापर्यंत येऊन तुटली होती. लहान बॉयलर तपासायला आता सरकारी माणूस येणार नव्हता. बॉयलर ठीक आहे असं मालकानेच लिहून द्यायचं. अकरा प्रश्न, प्रत्येकासमोर होय आणि नाहीचा चौकोन, खाली मालकाची सही.

मालक म्हणजे पूर्णिमा. नवरा गेल्यावर कारखाना तिच्या नावावर झाला, त्याला नऊ वर्षं झाली होती. दहा चौकोनांत तिने खूण केली होती. सातवा रिकामा होता. ‘बॉयलर पूर्ण थंड करून, उघडून, आतून तपासला आहे.’

धाकटा दीर अमरसिंह फोनवर बोलतच आत आला. फोन खिशात टाकून त्याने टेबलावर वाकून पाहिलं.

“झालं का वैनी? आज पाठवायचाय.”

“सातवा राहिलाय.”

“मारा की होय.”

“उघडलेला नाही, भाऊजी.”

“उघडायचाच कशाला? दोन दिवस थंड व्हायला, एक दिवस आतला खार खरवडायला, एक परत तापवायला. चार दिवस यंत्रमागवाले थांबत्यात व्हय? सूत उचलून दुसऱ्याकडं जातील. तिकडं शेजारच्या कारखान्याच्या राजवीरनं कालच पाठवून दिला.”

“त्यांनी उघडला होता?”

“त्यानं होयवर खूण केली,” अमरसिंह म्हणाला, आणि स्वतःच जरा हसला.

दाराशी खुर्ची टाकून तिचे सासरे गणपतराव पेपर वाचत होते. रोज दहा वाजता ते येत, पेपर वाचत, जेवायला घरी जात. धंद्यात ते आता बोलत नसत. सासऱ्यांनी बऱ्याच वेळात पान उलटलेलं नाही, हे पूर्णिमाच्या ध्यानात आलं.

तिचा नवरा उदयसिंह बॉयलर फुटून गेला, तेव्हा घरात एक वाक्य आलं होतं. साहेबांनी पास केलेला बॉयलर होता. भेटायला येणाऱ्यांना चहाबरोबर ते मिळे. निम्मा दोष सरकारवर जाई, निम्मा नशिबावर, आणि कप गोळा करून नेता येत. पूर्णिमानेही ते कितीदा सांगितलं होतं. लेक अवंतिकाने शाळेत वडिलांवर निबंध लिहिला, त्यातही ते वाक्य होतं, शुद्धलेखनाच्या एकाही चुकीशिवाय.

फक्त एक गोष्ट होती. दरवर्षी बॉयलर उघडला की उदयसिंह दुसऱ्या कुणाला आत जाऊ देत नसे. स्वतः झाकणाच्या भोकातून शिरायचा आणि घरी यायचा तो केसांत, पापण्यांवर पांढरा खार घेऊन. एका अंघोळीने तो निघत नसे. पूर्णिमा पाण्याचा दुसरा हंडा ठेवी. तो गेला त्या वर्षी तिने दुसरा हंडा ठेवला नव्हता. ठेवावाच लागला नव्हता. हे तिने कुणाला सांगितलं नाही आणि कुणाला विचारलंही नाही.

तिने पत्र्यावर बोटांनी टकटक केली. बंडू दारात आला, कोपरापर्यंत पांढरा.

“बंडू, बॉयलर आज विझवला तर सोमवारी उघडता येईल?”

बंडूने आधी अमरसिंहकडे पाहिलं, मग गणपतरावांकडे, मग आपल्या हातांकडे.

“यील की. सांगितलं तर.”

“कोण सांगत न्हाय,” अमरसिंह म्हणाला. “वैनी, जरा समजून घ्या. सुटलोय आपण ह्या कटकटीतनं. साहेबाच्या मागं फिरा, तारखा मागा, सगळं संपलं. आता आपणच साहेब.”

“तेच म्हणतेय मी. उद्या काही झालं तर कुणी पास केला होता म्हणून सांगायचं?”

अपघाताच्या दिवशी बंडू जेवायला गेला होता, म्हणून भट्टीपाशी उदयसिंह उभा होता. तेव्हापासून बंडू जेवणाचा डबा बॉयलरपाशीच उघडायचा. अमरसिंह त्या साली शिकायला पुण्याला होता. परत आल्यावर त्यानेही काही विचारलं नव्हतं.

आता मात्र त्याचा आवाज चढला.

“आणि बघून काय हुतंय? दादाच्या टायमाला साहेबानं उघडून, आत बॅटरी मारून, बघून सही केली हुती का न्हाय? तरी फुटलाच की. मग चार दिवस धंदा बंद ठेवून मिळवायचं काय?”

त्याने पेन उचलून पूर्णिमापुढे धरलं. तिने ते घेतलं नाही. बंडू दारातून मागे सरकला. त्याला जायचं होतं, पण त्याला जा असं कुणी म्हटलं नव्हतं.

गणपतरावांनी पेपरची घडी घातली. नीट जमली नाही, म्हणून उलगडून पुन्हा घातली.

“अमर, ते पेन ठेव खाली.”

“आबा, तुम्ही ह्यात—”

“ठेव म्हणतो न्हवं.”

त्याने ठेवलं. म्हातारा सुनेकडे बघत नव्हता. समोर कुणीच नव्हतं, तिकडे तो बघत होता.

“सायबानं आत बघितलं न्हाय. झाकणच काढलं न्हवतं, तर बघतोय कशाला. लगनसराई हुती, सूत पडून हुतं. मी त्याला ह्याच खुर्चीवर बसवून घेतला आणि सही घेतली.”

पूर्णिमाने सातव्या प्रश्नावर तळहात ठेवला होता, तो तसाच राहिला.

“उदय म्हणत हुता, आबा, उघडूया,” गणपतराव म्हणाले. “दोनदा म्हणला. मी नको म्हणलो.”