गव्हाचे पाणी

सहीला वीस मिनिटे उरली असताना मारोतरावांनी विचारले, "साहेब, नाल्याचं पाणी तुमी कवा मोजलं?"

"अकरा ते तेरा जानेवारी," कार्यालयाचा अभियंता केशव म्हणाला.

१९७९चा फेब्रुवारी. नागपुरात, सिव्हिल लाइन्समधल्या जलप्रदूषण कार्यालयात सुनावणी चालली होती. कन्हानला मिळणाऱ्या एका नाल्यात पुठ्ठ्याच्या कारखान्याने किती घाण सोडावी हे आज ठरायचे होते, आणि पुढची तीन वर्षे तेच चालायचे होते. गणित केशवचे. पाण्याचा वेग काढायला दहा मीटर अंतर आखून त्याने संत्रे पाण्यावर सोडले होते, हातात घड्याळ धरले होते, नाल्याची रुंदी-खोली घेतली होती. नाल्यात सांडपाण्याच्या चारपट पाणी भरले. खालच्या गावापाशी लिटरमागे वीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त घाण नको. पाच भागांत एकच भाग कारखान्याचा, म्हणून कारखान्याला शंभर.

"तुमी संत्रं सोडून राहिले होते, तवा म्या पायलं. हासलो बी," मारोतराव म्हणाले. ते त्या खालच्या गावचे सरपंच. "पन त्या हप्त्यात गव्हाले पाणी सुटलं होतं, साहेब. तलावाचं दार उघडं होतं. पाटाचं उरलंसुरलं आमच्या नाल्यात उतरे. आता येऊन पाहा, घोटा भिजत नाही."

पाऊस ऑक्टोबरात थांबलेला. जानेवारीत गुडघाभर पाणी आले कुठून, हा प्रश्न पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही सुचला असता. केशवला सुचला नव्हता.

कारखान्याचे व्यवस्थापक भैयाजी हसले. "सरपंच, पाणी कोनाचं हे संत्र्याले काय समजते? मोजलं ते मोजलं."

अध्यक्ष महादेवरावांनी पेनचे टोपण काढले होते. "केशव, शंभर तरी पदरात पाडून घे. नाहीतर आज काहीच ठरणार नाही, आणि सध्या ते चारशे सोडताहेत."

"शंभर एकदा लिहिले की तीन वर्षे खाली येणार नाही, सर."

"मग?"

"नाल्याचे पाणी शून्य धरा. मर्यादा वीस."

भैयाजी खुर्चीतून उठलेच. "शून्य? पुरावा काय?"

"माझ्याकडे नाही. पाणी आहे हे तुम्ही सिद्ध करा. घाण तुम्हाला मिसळायची आहे. मे महिन्यात मोजू; पाणी निघाले तर मर्यादा वाढेल. मी सोबत येतो."

मारोतराव केशवकडे नव्हे, पेनकडे पाहत होते. महादेवरावांनी फाइल दोनदा उलटली.

"वीस लिहितो," ते अखेर म्हणाले. "पण कारण हवे. तुझी मोजणी चुकली, हे तुझ्या हस्ताक्षरात."

केशवने कागद ओढला. 'परिस्थितीमुळे' हा शब्द लिहावासा वाटला, लिहिला नाही. 'माझी मोजणी चुकीची आहे,' एवढे लिहून त्याने सही केली.

शाई वाळण्याआधीच भैयाजींनी त्या कागदाची प्रत मागितली. "हरेक सुनावणीत कामी येईल आमच्या."

"मर्यादेच्या आदेशाचीही घ्या," केशव म्हणाला. "ती उद्यापासून लागेल."