विठ्ठलमामाचे न निघालेले फोटो

माझ्या लग्नाचा अल्बम जाड आहे, गुळगुळीत आहे, आणि त्यात सगळे हसतायत. तो आईकडे आहे, जाऊन बघा, चहाही मिळेल.

हा दुसरा. यात जे फोटो निघाले नाहीत किंवा निघून वाया गेले, ते मी लिहून चिकटवतेय. सगळे एकाच माणसाच्या हातचे. विठ्ठलमामा, आईचा धाकटा भाऊ. डोंबिवली पूर्वेला त्याचा स्टुडिओ आहे. अर्ध्या गावाची लग्नं त्याच्या कॅमेऱ्यातून गेलीत.

फोटो : कोरा

हा आईच्या लग्नातला. मामा तेव्हा कॉलेजात होता, कॅमेरा मित्राचा, रोलचा जमाना. त्याने रोल भरला, पण रोलचं टोक आत नीट अडकलंच नाही. कॅमेऱ्यावरचा आकडा पुढे सरकत होता, मामा खुशीत बटण दाबत होता, वऱ्हाडी पोज देत होते, आणि रोल जागच्या जागी. धुवायला दिला तर कोरा. एकही फोटो नाही.

लोक हसून विसरले असते. पण आमच्यात एक रीत आहे. अक्षता पडताना मुलीची आई मांडवात नसते. ती आत तुळशीपाशी थांबते, तुळशीला पाणी घालते. मंगलाष्टकं तिला ऐकू येतात, दिसत काही नाही. नंतर फोटोत बघायचं.

म्हणजे आजीने आपल्या लेकीच्या अक्षता पाहिल्याच नाहीत. ती बरेच दिवस विचारायची, “विठ्ठल, फोटो आले का रे?” तो म्हणायचा, “येतील नंतर.” मग तिने विचारणं सोडलं. ते सोडलं, हे मामाला जास्त लागलं.

माझ्या लग्नात तुळशीपाशी आई असणार होती.

फोटो : केळवणाचं ताट, हललेलं

हे मामाच्या घरी. ताटात पुरणपोळी आहे की पापड, कळत नाही, कारण फोटो काढताकाढता मामा माझ्याशी भांडत होता.

“मंगलाष्टकांना माझ्या मागे तू उभा राहायचंस,” मी म्हटलं.

मुलीच्या मागे मामा उभा राहतो, तिच्या खांद्यावर हात ठेवून. ही पण रीतच.

“आणि फोटो कोण काढणार? गुरुजी?”

“प्रीतम काढेल.” प्रीतम म्हणजे मामाचा जोडीदार. ठाण्याला असतो, मोठी कामं दोघं मिळून करतात.

“प्रीतमला त्या दिवशी खोपटला लग्न आहे. मुहूर्त दाट आहे बाई, ठाण्यापासून कल्याणपर्यंत मोकळा फोटोग्राफर मिळणार नाही. आणि प्रीतमच्या फोटोत नवरी डोळे मिटते आणि वाढपी हसतो.”

“ते मला माहीत नाही. तू मामा आहेस.”

“आनंद पण मामाच आहे की. चुलत तर चुलत. त्याला उभा कर.”

“आनंदमामा मला शिल्पा म्हणतो!”

“मग? शिवानी, शिल्पा. जवळपास आहे.”

आई ताक वाढत होती. म्हणाली, “माझ्यासाठी एवढं नका रे करू. कोणीतरी मोबाईलवर काढेलच की.”

“मोबाईल!” मामाने कॅमेरा खाली ठेवला. “ताई, अक्षतांना माणसाचा एक हात तांदळात असतो, दुसऱ्यात मोबाईल. सगळे फोटो पुढच्याच्या कोपराचे येतात. तुला लेकीचं लग्न बघायचंय की कोपर?”

मग तो बोटाने ताटाभोवती काहीतरी मापत बसला. पोळी गार झाली. शेवटी म्हणाला, “ट्रायपॉड लावतो. रिमोट माझ्या मुठीत. मी तुझ्या मागे उभा राहून बटण दाबीन. आणि कॅमेऱ्यातून एक वायर काढून आतल्या खोलीतल्या टीव्हीला जोडतो. ताई तिथूनच सगळं बघेल. तुळस पण तिथेच. झालं?”

“झालं,” मी म्हटलं.

“नवीन काही करायला गेलास की बिघडतं रे,” आई म्हणाली.

“तू ताक वाढ.”

फोटो : पिवळा

हळदीचे सगळेच पिवळे असतात. हा आतून पिवळा आहे.

माझी मोठी आत्या हळदीला अंगात आल्यासारखी फिरते. मामा खाली बसून माझा फोटो घेत होता, आणि ती मागून आली. “मामाला सोडतात होय?” म्हणून दोन्ही हात त्याच्या तोंडावर. तोंडावर कॅमेरा होता.

प्रीतमशी झालेलं मामाचं बोलणं मी पलीकडून ऐकलं, कारण फोन त्याने स्पीकरवर टाकलेला आणि हात धूत होता.

“झूम फिरत नाही रे.”

“काय गेलं आत?”

“हळद.”

“लेन्सला पण उजवून टाकताय का दादा?”

“हसू नको. उद्या लग्न आहे.”

“अहो, मग वागळे इस्टेटला या. आपला रिपेअरवाला आहे ना.”

मामा अंगावरच्या हळदीसकट रिक्षाने स्टेशनला गेला, तिथून ठाण्याला. रिपेअरवाल्याने लेन्स उघडून हुंगली आणि तशीच बंद केली. “ही आठवडाभर तरी ठेवा दादा. उन्हात.” मग प्रीतमने आपली एक जुनी लेन्स दिली. तिला झूम नाही. फोकस हाताने लावावा लागतो, आणि एकदा लावला की माणसाने हलायचं नाही.

“चालेल,” मामा म्हणाला. “ट्रायपॉड कुठे हलतोय?”

फोटो : दोन रिकामे पाट

हा मात्र छान आलाय. कल्याणजवळच्या मोहन्यातला हॉल, सकाळ, समोरासमोर दोन पाट, मध्ये कोणी नाही. मामा आल्यापासून याच चौकटीवर काम करत होता. वायर कॅमेऱ्यापासून निघून, खुर्च्यांच्या कडेने, दारातून वधूपक्षाच्या खोलीत गेलेली. जागोजागी चिकटपट्टी. चिकटपट्टी संपली तिथे आत्याकडून मागून घेतलेल्या टिकल्या.

आत टीव्हीसमोर आई बसली होती, पैठणी आवरून, मांडीवर पाण्याचा तांब्या. बाल्कनीत तुळशीची कुंडी. मी बाजूला मुंडावळ्या बांधून घेत होते. आईने मामाला फोन लावला.

“विठ्ठल, डावा पाट वाकडा दिसतोय.”

टीव्हीत मामा आला, पाट सरळ करून गेला.

“आता?”

“आता उजवा वाकडा.”

“ताई, दोन्ही पाट सरळ आहेत. टीव्ही वाकडा असेल.”

“आणि ती मागची प्लास्टिकची बादली कोणाची आहे? ती पण लग्नात येणार का?”

टीव्हीत मामा पुन्हा आला आणि बादली घेऊन गेला. जाताना कॅमेऱ्याकडे बघून त्याने हात जोडले. आई इतकी हसली की तांब्यातलं पाणी पैठणीवर सांडलं. मी तिला इतकं निवांत त्या आठवड्यात पाहिलं नव्हतं. म्हणाली, “बरं केलं बाई त्याने. मी इथून सगळं बघते. तू रडू नकोस, काजळ पसरेल.”

फोटो : छत

कॅमेऱ्याने काढलेला हा शेवटचा. छत आहे, पंखा आहे, आणि कोपऱ्यात सर्वेशच्या काकांचा बूट आहे.

सर्वेश माझा नवरा. तेव्हा व्हायचा होता. मी पाटावर, समोर अंतरपाट, त्याच्या पलीकडे तो. खांद्यावर मामाचा उजवा हात. डाव्या मुठीत रिमोट. मंगलाष्टकं सुरू झाली होती. मामा माझ्या कानात पुटपुटत होता, “हनुवटी जरा खाली. तुझी आई बघतेय. आता ठीक.”

मागच्या रांगेतल्या लोकांना अक्षता पोचल्या नव्हत्या. सर्वेशचे काका कर्तव्यदक्ष. वाटी घेऊन खुर्च्यांच्या कडेने निघाले. मला समोर कापडाशिवाय काही दिसत नव्हतं. मला फक्त टिकल्या सुटल्याचा तडतड आवाज आला, मग “अरे अरे अरे”, मग एक आवाज जो मी याआधी ऐकला नव्हता, पण कशाचा ते लगेच कळलं. मामाच्या मुठीने घाबरून बटण दाबलं. म्हणून हे छत.

काकांचा पाय अडकला, आणि आईला दाखवायला टाकलेल्या वायरीनेच कॅमेरा खाली खेचला होता.

“लेन्स?” मामाने तिथूनच विचारलं.

“दोन आहेत,” काका म्हणाले. म्हणजे तुकडे.

मंगलाष्टकं चालू असताना मामाने जागा सोडायची नसते. त्याचा हात खांद्यावरच होता. मी मान न वळवता म्हटलं, “जाऊ दे रे मामा. तू आहेस ना मागे.”

“आहे ना,” तो म्हणाला. “पण ताईच्या टीव्हीवर आता काय असेल?”

फोटो :

इथे जागा मोकळी सोडतेय. जे झालं ते खाली लिहिते.

गुरुजींनी दोन कडव्यांच्या मध्ये श्वास घेतला, आणि मामा ओरडला.

“ताई! बाहेर ये!”

अख्खा हॉल वळला. खोलीच्या दारात आई आली, हातात तांब्या.

“काय झालं रे? टीव्ही निळा पडला.”

“कॅमेरा फुटला. काहीही निघत नाहीये. तूच ये इकडे.”

“हट. काहीतरीच काय.”

आत्या आईच्या आडवी आली. “कला, आत हो. आपल्यात आई येत नाही मांडवात, माहितीय ना तुला? विठ्ठल, तुला तरी कळायला हवं.”

“मला कळतंय. पण फोटो नसेल तर तिने बघायचं कधी?”

“राहू दे रे,” आई म्हणाली. “नंतर सांगा मला सगळं.”

“आपल्या आईला पण मी ‘नंतर’च म्हणायचो, ताई.”

अंतरपाट धरलेल्या दोघांचे हात अवघडले असावेत, कापड हलायला लागलं. पलीकडून सर्वेशने हळूच विचारलं, “शिवानी, लग्न चालू आहे ना?”

“चालू आहे. थांब.”

मामा गुरुजींना म्हणाला, “गुरुजी, जरा थांबा ना.”

“मुहूर्त कसा थांबवू?” गुरुजींनी घड्याळाकडे पाहिलं, मग दारातल्या आईकडे, मग सगळ्यांकडे. “पण मुहूर्ताला अजून थोडा अवधी आहे. तोवर कोणाला स्वतः रचलेलं मंगलाष्टक म्हणायचं असेल तर म्हणा. लांब असलं तरी चालेल.”

सर्वेशच्या काकूंना आयुष्यात असं कोणी विचारलं नव्हतं. त्यांनी पर्समधून कागद काढला आणि सुरू केलं. त्यात सर्वेशचे पणजोबा होते, कुलदैवत होतं, आमच्या सोसायटीचं नाव होतं, आणि चाल प्रत्येक ओळीला बदलत होती. इतर कुठल्याही लग्नात लोकांनी माना खाली घातल्या असत्या. इथे सगळे आईकडे बघत होते.

“आई, ये ना गं,” मी म्हटलं.

आईने एक पाऊल टाकलं. आत्या तशीच आडवी उभी. आईने तिच्याकडे पाहिलं, तांब्याकडे पाहिलं, आणि तांब्या तिच्या हातात दिला.

“वन्सं, तेवढं तुळशीला पाणी घालता का?”

तांब्या आत्याच्या हातात आलेला, भरलेला, आणि तुळस वाट बघत असलेली. रीत मोडायची नाही म्हणूनच बहुतेक, ती तरातरा आत गेली. पाण्याची धार बाहेरपर्यंत ऐकू आली.

आई खुर्च्यांच्या मधून आली. सर्वेशच्या काकांनी तिला वाट करून दिली आणि अक्षतांची वाटी पुढे केली. तिने मूठ भरली. मला ती दिसत नव्हती, हे सगळं मला मागून मामा सांगत होता. “आली. कडेला उभी आहे. पदर सारखा केला. रडत नाहीये. नाही, रडतेय.”

काकूंचं संपलं. गुरुजींनी आवाज चढवला. “शुभ मंगल सावधान!”

अंतरपाट खाली गेला. बँड वाजला. डोक्यावर, डोळ्यांत, ब्लाऊजच्या गळ्यात, सगळीकडे तांदूळ. समोर सर्वेश हार घेऊन उभा होता. मी त्याच्याकडे बघायला हवं होतं, तो अजून ऐकवतो मला. मी उजवीकडे बघत होते.

आई तिथे होती. सगळ्यांच्या मुठी रिकाम्या झालेल्या, तिची तशीच बंद. अक्षता टाकायच्या असतात हे ती विसरली होती. डोळे एवढे मोठे केलेले, पापणी लववायची पण तयारी नाही.

बँडच्या वर आवाज काढत मामा माझ्या कानाशी ओरडला, “ताई! दिसतंय ना नीट?”

“गप रे,” आई म्हणाली. “बघू दे.”