शुद्धतेचा निळा थेंब

रविवारी सकाळी शुक्रवार पेठेतल्या एका जिममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी आरशासमोर दंड फुगवणारी पोरं आज डंबेल्सना हात न लावता एका टेबलाभोवती दाटली होती, आणि त्यांच्या मागे त्यांचे आईबाप अवघडून उभे होते. टेबलावर पांढऱ्या पावडरीच्या दोन बशा, एक ड्रॉपर आणि लेबल खरवडून काढलेली तपकिरी बाटली. टेबलामागे कुमार सर, अंगात पांढरा कोट आणि हातात रबरी मोजे घालून. हल्ली भगव्यापेक्षा पांढऱ्या कपड्यावर लोकांचा लवकर विश्वास बसतो, हे त्या गृहस्थाला पक्कं ठाऊक होतं.

"मी काय बुवा न्हाय," सर म्हणाले. "विश्वास ठेवा असं मी कदी म्हणत न्हाय. डोळ्यानं बघा म्हणतो. बाजारात स्टेरॉइडच्या नावाखाली लोक काय बी विकायलेत. डाव्या बशीत तसला माल हाय. उजवीकडं आपला, थेट परदेशातली कच्ची पावडर. थेंब निळा झाला तर माल शुद्ध, न्हाय झाला तर भेसळ. विज्ञान हाय की हे."

डाव्या बशीत थेंब पडला आणि तपकिरीच राहिला. पोरांनी तोंडं वाकडी केली. मग उजवीकडे थेंब पडला, आणि बघता बघता पावडरीवर गडद निळा डाग पसरला. टाळ्या पडल्या, मोबाइल उंचावले गेले, आणि मघाशी अवघडलेले आईबापही एकमेकांकडे बघून मान डोलवू लागले.

शरणम्मा भिंतीला टेकून उभी होती. तिचा मुलगा महेश्वर तिला मुद्दाम घेऊन आला होता. शहरातल्या शरीरसौष्ठव स्पर्धेत उतरायचं म्हणून तो चार महिने ही पावडर दुधातून घेत होता. वजन नऊ किलो वाढलं होतं आणि तो खूश होता. शरणम्मा मात्र खूश नव्हती. पोराचा चेहरा गरगरीत गोल झाला होता, तो तांब्यावर तांब्या पाणी प्यायचा, आणि दोन जिने चढला की त्याला धाप लागायची. तिने शंका काढली की तो म्हणायचा, अव्वा, पावडर शुद्ध आहे, एकदा चाचणी तरी बघ.

चाचणी तिने बघितली, पण टाळी वाजवली नाही.

कारण हा थेंब तिच्या रोजच्या ओळखीचा होता. अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेलच्या कारखान्यात ती बावीस वर्षं कामाला होती. मागावर सूत तुटू नये म्हणून त्याला पिठाची खळ देतात, आणि रंगवण्याआधी ती खळ धुऊन काढावी लागते, नाहीतर रंग बसत नाही. खळ निघाली का, हे बघण्याचं काम शरणम्माचं. कापडाच्या कोपऱ्यावर आयोडीनचा थेंब टाकायचा. तपकिरी राहिला तर कापड रंगाला जायचं, निळा झाला तर पुन्हा धुवायला. ज्या रंगाला ती दिवसभर परत पाठवत होती, त्याच रंगाला इथे टाळ्या पडत होत्या.

तरी ती बोलली नाही. समोर शंभर माणसं, त्यात मुलाची मान खाली जाईल, आणि आपलं शिक्षण सातवीपर्यंत. तिचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास होता, पण स्वतःच्या बोलण्यावर नव्हता. त्या गप्प बसण्याचा तिला पुढे फार त्रास झाला, कारण त्याच सकाळी आणखी वीस-बावीस पोरांनी पावडरीचे डबे घेतले.

दुसऱ्या दिवशी तिने महेश्वरच्या डब्यातली चिमूटभर पावडर पुडीत बांधून कारखान्यात नेली. थेंब टाकला. निळा. संध्याकाळी तिने मुलाला सांगितलं तेव्हा तो चिडला. तुझं खळ तपासायचं औषध आणि सरांचं केमिकल एकच कशावरून, असं त्याने विचारलं. आणि नुसती खळ खाऊन नऊ किलो वजन वाढतं का?

प्रश्न दोन्ही रास्त होते. पोराने कुमार सरांना असेच प्रश्न विचारले असते तर ही वेळच आली नसती, असं तिच्या मनात आलं, पण ती भांडली नाही. तिने त्याला पेठेतल्याच डॉक्टर समरा यांच्याकडे नेलं.

डॉक्टरांनी रक्तदाब बघितला आणि पुन्हा एकदा बघितला. मग महेश्वरच्या नडगीवर अंगठा दाबून धरला. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला. त्यांनी रक्त तपासायला पाठवलं. तीन दिवसांनी अहवाल आले तेव्हा बाविसाव्या वर्षी त्याची साखर चढलेली होती, आणि शरीर रोज स्वतः बनवतं ते ताण सोसायला लागणारं एक द्रव्य जवळजवळ संपलं होतं.

"खळीत कुणीतरी भलतंच औषध मिसळलंय असं दिसतं," डॉक्टर म्हणाल्या. "दम्याला, सांधेदुखीला आम्ही मोजून मापून देतो, त्यातलं; मापाबाहेर गेलं की अंगावर अशी सूज चढते. नक्की कोणतं ते पावडर प्रयोगशाळेत गेल्यावर कळेल. तुझं वाढलेलं वजन म्हणजे पाणी आणि चरबी आहे, स्नायू नव्हेत."

"मग आजपासनं बंद करतो," महेश्वर पुटपुटला.

"एकदम बंद केलंस तर चक्कर येऊन पडशील, जिवावर बेतेल. तुझं शरीर आता त्याच्यावर टेकलंय, स्वतःचं द्रव्य बनवेनासं झालंय. मी गोळ्या देते, त्या हळूहळू कमी करायच्या. काही महिने लागतील."

घरी येताच त्याने डबा आईच्या हातात दिला. शरणम्माला भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त राग येत होता, त्या माणसाचा आणि स्वतःचाही.

पुढच्या रविवारी पुन्हा गर्दी, पुन्हा बशा, पुन्हा निळा डाग. टाळ्या थांबायच्या आत शरणम्मा पुढे गेली. तिने पिशवीतून ज्वारीच्या कडक भाकरीचा एक तुकडा काढला आणि बशीशेजारी ठेवला.

"सर, तुमच्याच बाटलीतला एक थेंब ह्याच्यावर टाका की."

कुमार सर हसले. मावशी, हे महागडं केमिकल आहे, खाण्याच्या वस्तूवर वाया घालवायचं नसतं, असं काहीबाही म्हणाले. तेव्हा महेश्वरचा जिममधला जोडीदार फरहान पुढे झाला. त्याने त्याच आठवड्यात डबा घेतला होता. त्याने ड्रॉपर उचलला आणि भाकरीवर थेंब टाकला.

भाकरी निळीकाळी झाली.

पोरं भाकरी बघायला पुढे सरकली. यावेळी मात्र शरणम्मा बोलली. "ज्वारीत पीठ असतं, म्हणून निळं झालं. ह्या पावडरीत बी पीठच हाय. ह्यांच्या हिशेबानं माझी भाकरी लई शुद्ध स्टेरॉइड हाय बघा. अन् डाव्या बशीत मीठ असलं तरी ते तपकिरीच ऱ्हातंय."

सर ओरडले, की मग पोरांची शरीरं कशी भरली? उत्तर महेश्वरने दिलं. त्याने पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि फरहानला नडगीवर अंगठा दाबायला लावला. उमटलेला खळगा सगळ्यांनी बघितला. मागे उभ्या असलेल्या तीन-चार पोरांनी हळूच वाकून स्वतःच्या पायावर अंगठा दाबला, आणि त्यातल्या दोघांचे चेहरे उतरले.

गोंधळात कुमार सर बाटली घेऊन निसटले. डबे पुढे अन्न व औषध खात्याकडे गेले, पोरं रांगेने डॉक्टर समरांकडे गेली. पण त्या दिवशी पायऱ्या उतरताना एका पोराने शरणम्माला गाठलं आणि विचारलं, "मावशी, मग खरी शुद्ध पावडर कुटं मिळती?"

ती पायरीवर थांबली. मग तिने महेश्वरकडे बोट दाखवलं. "डॉक्टरीणबाई म्हणल्या, खरी असती तर काळजाला अन् लिव्हरला धरली असती. खोटी होती म्हणून नुसतं साखरंवर भागलं. आता तूच बघ कुठली हवी ते."

महेश्वरच्या गोळ्या अजून चालू आहेत. शरणम्मा अजून कापडावर थेंब टाकते, आणि निळं दिसलं की कापड परत पाठवते. थेंब कधी खोटं बोलत नाही. खोटं बोलतो तो थेंबाचा अर्थ सांगणारा. म्हणून पुढच्या वेळी कुणी तुमच्यासमोर रंग बदलून दाखवला, तर टाळी वाजवण्याआधी त्याला एवढंच विचारा, की हा रंग आणखी कशाकशावर येतो? आणि उत्तर मिळेपर्यंत ती वस्तू तोंडात घालू नका.